जड उचलू नका म्हणाले, पण उचलायचं कुणी?

कंबर धरलेल्या बाईला दवाखान्यात मिळणारा सल्ला बहुधा एकाच वाक्याचा असतो: जड उचलू नका. बिदर जिल्ह्यातल्या मेहकरची बाई भालकीला गेली, उदगीरला गेली किंवा थेट बिदर गाठलं, तरी चिठ्ठीवरची गोळी तेवढी बदलते. वाक्य तेच राहतं. ती घरी येते तर दीड वर्षाचं पोर हात वर करून उभं असतं, दहा किलोचं. नळाला पाणी आलं नाही म्हणून कळशी उचलायची असते. सिलिंडर येतो, त्यात गॅस १४.२ किलो आणि तेवढंच लोखंड, म्हणजे सगळा मिळून तीस किलोच्या घरात. नवऱ्याच्या वाट्याला युरियाचं ४५ किलोचं पोतं आणि डीएपीचं ५० किलोचं. पाच वर्षांची मुलगी ओसरीवर झोपली तर तिला आत न्यायलाही सतरा-अठरा किलो उचलावे लागतात.

हा सल्ला अक्षरशः पाळायचा तर संसारच बंद ठेवावा लागेल. उसण भरल्यावर पहिले चार-आठ दिवस तो ठीक आहे. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेला, गुडघ्याला किंवा मानेला तो लावला की नुकसान होतं. ओझं काही कमी होत नाही, पण भीतीपोटी अंग राखून वागल्यानं स्नायू मात्र बारीक होत जातात. मग तीच कळशी दरवर्षी जास्त जड लागते. म्हणून या लेखात ‘उचलू की नको’ हा वाद घातलेला नाही. उचलणं चुकणारच नसेल तर त्यासाठीची ताकद घरच्या घरी, दुखणं सांभाळून कशी कमवायची, एवढंच इथे सांगायचं आहे.

ही कल्पना पहिलवानांची नाही, दवाखान्यातलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डेलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. तिथे गुडघे जायबंदी झालेले सैनिक महिनोन्‌महिने पडून असत. त्यांना तेव्हा हलका आणि पुष्कळ वेळा करायचा व्यायाम देत. डेलॉर्मनं उलटं केलं. झेपेल तितकं भारी वजन, मोजक्या वेळा, आणि आठवड्या-आठवड्यानं वाढवत नेलेलं. १९४५ मध्ये त्यानं यावर लेख लिहिला आणि ‘वजन हळूहळू वाढवत न्यायचं’ हे तत्त्व वैद्यकात रुजलं. पुढे १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांकडून पायांचा असा व्यायाम करून घेतला. ज्यांनी आठ आठवडे पूर्ण केले त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. नव्वदीत हे होत असेल तर पस्तिशीतल्या बाईनं ‘आता काय उरलंय’ म्हणायचं कारण नाही.

आता दुखण्याविषयी, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला जुनाट म्हणतात. स्नायू-सांध्यांना झालेली बहुतेक साधी इजा तोवर भरून आलेली असते, तरी दुखत राहतं. हे मनाचे खेळ नव्हेत. दुखणं खरंच असतं, फक्त ते आता इजेच्या मापात राहिलेलं नसतं. घरात एकदा चोर शिरला की कुत्रं पुढे महिनाभर पोस्टमनवरही भुंकतं, तशी मज्जासंस्था साध्या वाकण्यावरही ओरडायला लागते. म्हणजे दुखलं की दर वेळी काहीतरी तुटलं, असं समजायचं कारण नाही.

एमआरआयनं ही भीती आणखी पक्की होते. ‘गॅप पडलाय’, ‘चकती झिजलीय’, ‘नस दबलीय’ हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस खाली वाकायलाच घाबरतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ज्यांची पाठ अजिबात दुखत नव्हती अशांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पांढरे होतात तशी चकतीही झिजते, आणि त्यातल्या पुष्कळ जणांना ती कळतसुद्धा नाही.

बायकांमध्ये आणखी एक समजूत घर करून आहे: ‘सिझरच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली.’ सुई टोचल्याची जागा काही दिवस दुखते, हे खरं. पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा त्या सुईशी संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. ज्यांना ते इंजेक्शन मिळालंच नाही अशाही असंख्य बाळंतिणींची कंबर दुखते. नऊ महिने ताणलेलं पोट, रात्रीची जागरणं, वाकून पाजणं आणि पोराला सदा एकाच कडेवर घेणं ही कारणं समोर असताना आपण सुईला धरून बसतो. सुईचा दोष मानला की करण्यासारखं काहीच उरत नाही, मला त्यातला हाच भाग सगळ्यात वाईट वाटतो.

तरी व्यायामाआधी एकदा तपासणी हवीच, आणि काही खुणा दिसल्या तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याच्या जागी बधिरपणा येणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं, यात एक दिवसही घालवू नका. संध्याकाळी कणकण, वजन उतरणं आणि पाठीत एकाच जागी दुखणं हे मणक्याच्या क्षयाचं लक्षण असू शकतं, आणि तो रोग आपल्याकडे दुर्मिळ नाही. सकाळी बोटं तासभर आखडून राहत असतील, सांधे सुजून गरम होत असतील तर तो संधिवात असू शकतो. तरुण मुलाची पाठ पहाटे दुखून उठवते आणि हिंडल्यावर मोकळी होते, हीही दाखवण्याजोगी गोष्ट आहे. सगळं अंगच ठणकत असेल तर रक्त, थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ तपासून घ्या.

कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या बायकांना सरकारी साध्या बसला पैसे लागत नाहीत, त्यामुळे बिदरला जिल्हा रुग्णालयात जाण्याचा खर्च आडवा येऊ देऊ नका. सीमेपलीकडे उदगीर-लातूरकडे जायचं तर महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. दवाखान्यात गेल्यावर फिजिओथेरपीचा सल्ला आपणहून मागा. न मागता तो क्वचितच मिळतो. आणि दोन दिवसांत गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून दूर राहा. असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं, ते हाडं पोखरतं आणि साखर वाढवतं.

कंबरपट्ट्याबद्दलही एक सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नीट आखलेल्या व्यायामाची शिफारस आहे, आणि कंबरपट्टा व ताण लावणं म्हणजे ट्रॅक्शन हे नेहमीचे उपचार म्हणून देऊ नयेत, असं म्हटलंय. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. पट्टा लगेच मिळतो, व्यायाम कुणी शिकवत नाही.

घरात व्यायामाचं नाव काढलं की सासूबाई म्हणणारच, ‘दिवसभराचं काम काय कमी आहे?’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, कारण कष्ट खरोखरच कमी नाहीत. पण कष्टानं ताकद वाढते ती एका मर्यादेपर्यंतच. खुरपणीत चार-चार तास तोच सांधा त्याच कोनात दुमडलेला असतो. वजन थोडं-थोडं वाढत नाही, ते एकदम समोर येतं. मधे विश्रांती नसते आणि नेमकं जिथे दुखतं तिथेच रोज ताण पडतो. व्यायामात यातलं सगळं आपल्या हातात असतं: किती वजन, किती वेळा, कधी थांबायचं. म्हणून दिवसभर राबलेल्या अंगालाही आठवड्यातले दोन दिवस वीस-वीस मिनिटं हा वेगळा भार लागतो. मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही आहे.

गावातली तालीम पोरांची असते, बायकांना तिथे जागा नसते. आणि जोर-बैठकांची शंभरी मोजण्याची ती पद्धत दुखऱ्या गुडघ्याला उपयोगाचीही नाही. सामान घरातलंच पुरतं: गोडेतेलाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन, एक मजबूत कापडी पिशवी, एक न हलणारी खुर्ची किंवा खाट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मापाची अडचण नाही. अर्धा लिटर वाढवला की अर्धा किलो वाढलं. बाजारातल्या डंबेल्समध्ये इतकं बारीक माप सहसा मिळत नाही.

पहिला व्यायाम उठबस. खुर्चीच्या कडेवर बसा, पाय खांद्याइतके दूर ठेवा, हात न टेकता उठा आणि तीन अंक मोजत सावकाश बसा. गुडघा कुरकुरत असेल तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी ठेवून बैठक उंच करा. महिन्या-दोन महिन्यांनी गोधडी काढता येईल, पुढे छातीशी कॅन धरता येईल.

दुसरा वाकून उचलण्याचा, आणि सगळ्यात जास्त भीती याचीच असते. म्हणून तो जमिनीवरून सुरू करायचा नाही. पिशवीत दोन-तीन किलो धान्य घालून ती गुडघ्याएवढ्या उंचीच्या स्टुलावर ठेवा. पिशवीला अगदी खेटून उभं राहा, गुडघे जरा सैल ठेवा, ढुंगण मागे ढकलत वाका. पिशवी अंगाला घासत वर आली पाहिजे. पाठ काठीसारखी सरळच हवी असा अट्टहास नको, वजन अंगाजवळ असणं जास्त महत्त्वाचं. दोन-तीन आठवड्यांनी स्टुलाऐवजी पाट घ्या, मग जमीन. वजन वाढवायचं ते उंची कमी झाल्यावर. दोन्ही एकदम बदलू नका.

तिसरा ओढण्याचा: एक हात खाटेवर टेकून वाका आणि दुसऱ्या हातानं कॅन कमरेपर्यंत ओढा. मान-खांदे धरलेल्यांना याचा चांगला उपयोग होतो. चौथा ढकलण्याचा: भिंतीला हात टेकून जोर, सवय झाली की ओट्याला. पाचवा मला सगळ्यात आवडतो, कारण तो उद्याच कामाला येतो. एका हातात भरलेला कॅन घेऊन अंगणात सरळ चालायचं, अंग एका बाजूला झुकू द्यायचं नाही, मग हात बदलायचा. कळशी, पिशवी, पोर या सगळ्यांची तयारी यातच होते. ज्या दिवशी उभं राहणंही नकोसं होतं त्या दिवशी उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबर वर उचलणं एवढंच करा.

प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, मधे दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा. शेवटी ‘अजून दोन-तीन झाले असते’ असं वाटलं पाहिजे. अगदी गळून जाईपर्यंत करायचं नाही आणि दहाव्या वेळी काहीच जाणवलं नाही असंही नको. दोन वेळा सलग बारापर्यंत सहज गेलं की अर्धा-एक किलो वाढवा. श्वास रोखू नका, उचलताना सोडा. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष पाळायचं.

आणि करताना दुखलं तर? शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे सहन होणार नाही, असं माप मनात धरा. व्यायाम करताना दुखणं चार-पाचच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं, तर चिंता नको. सकाळीही चढलेलंच असेल तर पुढच्या वेळी वजन किंवा संख्या निम्मी करा. निम्मी करायची, बंद करायचं नाही. ‘करून पाहिलं, त्रास झाला, सोडून दिलं’ या गोष्टीत बहुतेकदा पहिल्या दिवसाचं माप चुकलेलं असतं. पायात खाली उतरणारी कळ किंवा मुंग्या वाढत असतील तर मात्र तो प्रकार थांबवून दाखवून घ्या.

व्यायामापेक्षा जास्त घात करतो तो चांगला दिवस. जुनाट दुखणं असलेल्या घरात हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. एके सकाळी कंबर हलकी वाटते. मग साचलेल्या सगळ्या गोधड्या धुवायला निघतात, माळा झाडला जातो, आणि वेळ उरला म्हणून पापडांचं पीठही कुटून होतं. पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग अपराधीपणा, मग पुन्हा एक चांगला दिवस आणि पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत अंग थोडं खचतं आणि मन शिकतं की हालचाल केली की दुखतं. यातून सुटायचा मार्ग कंटाळवाणा आहे: चांगल्या दिवशी ठरवल्यापेक्षा जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशी अगदी शून्य करायचं नाही. गोधड्या दिवसाला दोन. खुरपणीत ओळ संपेपर्यंत न थांबता अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालायचं, जमेल तिथे लांब दांड्याचं अवजार घेऊन उभ्यानं तण काढायचं. चांगल्या दिवशी हात आवरणं हे वजन उचलण्यापेक्षा अवघड आहे, आणि बायकांना ते जास्त अवघड जातं, कारण साचलेलं काम त्यांच्याशिवाय कुणाला दिसत नाही.

बाळंतपणानंतर घाई नको. पहिले सहा आठवडे चालणं, श्वास आणि लघवी अडवल्यासारखे स्नायू आवळून सोडणं, एवढं पुरे. सिझर असेल तर वजन सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खोकताना लघवीचे थेंब गळणं किंवा अंग बाहेर आल्यासारखं जड वाटणं या गोष्टी बायका वर्षानुवर्षं सांगत नाहीत. हे आधी सांगा, त्यावर वेगळे व्यायाम आहेत, आणि तोवर भारी वजन नको.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांबद्दलही लिहायला हवं. कलबुर्गी जिल्ह्यात २०१५ च्या सुमारास आणि बीडच्या ऊसतोड मजुरांमध्ये २०१९ ला अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला होता. ज्यांचे बीजकोशही तरुणपणीच काढले गेले, त्यांची हाडं लवकर ठिसूळ होतात. अशांना ताकदीच्या व्यायामाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, पण हाडांची तपासणी करून, कमी वजनापासून.

ताकद नुसती उचलून येत नाही, खाऊन येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम, आणि व्यायाम करणाऱ्या अंगाला त्याहून थोडी जास्त. दोन भाकरी, वाटीभर वरण, मूठभर शेंगदाणे आणि पेलाभर दूध मिळून तीसच्या आसपास जातात. ज्या कलबुर्गी भागातल्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच भागात घरची बाई शेवटी बसते आणि तिच्या वाटीला वरणाचं नुसतं पाणी येतं. ती बसण्याआधी घट्ट वरण वेगळं काढून ठेवा. मटकीची उसळ, दोन अंडी, दही वाढवा. सोयाबीन आपण पिकवतो आणि सगळंच्या सगळं विकतो. थोडं ठेवून, भाजून भाकरीच्या पिठात दळता येतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून.

वेळेचं गणित घराघराचं वेगळं. पोरं शाळेत गेल्यावरची वीस मिनिटं जमली तर उत्तम, नाहीतर पाच-पाच मिनिटांचे तुकडेही चालतात: चहा उकळेपर्यंत ओट्याला जोर, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत उठबस. पोरांना मोजायला बसवा. शाळेतलं कानडी ‘ओंदु, एरडु, मूरु’ घरी म्हणायला मिळालं की त्यांना मजा येते, आणि आईचा आकडा चुकला तर ती लगेच पकडतात. लहानग्याला वजन म्हणून वापरायचा मोह आवरा, ते मधेच वळवळतं. आणि पुरुषांनी ‘तू कर, मी आहे’ म्हणून पारावर जाऊन बसू नये. त्या वीस मिनिटांत पोर सांभाळणं हा या उपचाराचाच भाग आहे. शिवाय पोती उचलून पाठ धरलेल्या नवऱ्यालाही हेच व्यायाम लागू आहेत. त्यानं सुरुवात पोत्यानं करू नये, एवढंच.

पहिला महिना दुखण्यात फारसा फरक दिसणार नाही. म्हणून मोजायचं ते काम: तीस सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं, भरलेला कॅन घेऊन किती अंतर न थांबता जाता येतं. हे आकडे कॅलेंडरवर लिहा आणि दर महिन्याला पुन्हा पाहा. ते आधी हलतात, दुखणं मागाहून.

सोयाबीनची काढणी आली, पुढे तुरीची रास आली की हे सगळं कोलमडणार. तेव्हा हट्ट धरू नका. राशीच्या दिवसांत आठवड्यातून एकदाच करा, त्यातही उठबस आणि ओढण्याचा व्यायाम पुरे. उचलणं शेतात होतंच आहे. आठवड्यातून एकदा केलं तरी कमावलेली ताकद बरेच आठवडे टिकते. तेवढंही झालं नाही आणि तीन-चार आठवडे खाडा पडला, तर सुगी संपल्यावर जिथे थांबला होता त्याच्या दोन लिटर खालून सुरू करा.